जुनी छापील चित्रे आणि आपला शिल्पवारसा

मंदिराचे दर्शन आपण भक्तिभावाने घेतो; परंतु त्या वास्तूचा इतिहास जाणून घेण्यासाठी जुन्या ग्रंथांत छापलेली तिची चित्रेही अभ्यासावी लागतात. खान्देशालगतच्या लेण्यांविषयी अशी चित्रे दोनशे वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहेत.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेले की वेरूळ गाठता येते. पुण्यात सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे रंगविणारा जेम्स वेल्स याने वेरूळची लेणी रेखाटली. १७९५ मध्ये त्याचे निधन झाले. पुढे थॉमस डॅनियल याने त्या रेखाटनांवरून २४ चित्रे तयार करून १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. त्यांत ‘इंद्रसभा’ या जैन लेण्याचीही दृश्ये आहेत. जेम्स फर्ग्युसन याने १८३८-३९ मध्ये प्रतिबिंब पाडणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने लेण्यांची रेखाटने केली. त्यांवरील शिळाछाप चित्रे १८४५ मध्ये निघाली. १८६४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल याची छायाचित्रे ग्रंथरूप झाली. अजिंठ्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या या गिलची कबर आपल्या भुसावळात आहे.

ही चित्रे पाहताना विवेक हवा. हाताने काढलेल्या चित्रात शोभेसाठी झाडे-माणसे येतात, छाया गडद होते. म्हणून एका चित्राची दुसऱ्याशी, छायाचित्राशी व मोजून काढलेल्या नकाशाशी तुलना करावी लागते.

चित्राखालील नावही तपासून घ्यावे लागते. गजारूढ यक्षाला इंद्र व सिंहारूढ अंबिकेला इंद्राणी समजल्यामुळे ‘इंद्रसभा’ हे नाव रूढ झाले. वस्तुतः तेथे तीर्थंकर विराजमान आहेत. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याजवळील ‘नागार्जुन कोठी’ या नावावरूनही ते जैन लेणे असल्याचे कोणास उमगणार नाही. तेथील जिनमूर्तीच खरी ओळख देतात. फर्ग्युसन व बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथात या लेण्याचे वर्णन आहे.

धुळे जिल्ह्यातील बळसाणे आज श्री विमलनाथांचे तीर्थ म्हणून सुपरिचित आहे. तेथील प्राचीन मंदिरांची छायाचित्रे हेन्री कझिन्स याच्या १९३१ च्या ग्रंथात छापलेली आहेत. त्या मंदिरांचे तेव्हाचे रूप ताडून पाहण्यास हा मोठाच आधार होय.

जीर्णोद्धार हे महान पुण्यकार्य आहे. परंतु त्या ओघात जुना खांब निघतो, शिलालेखावर रंग चढतो आणि पुढील पिढीला मूळ रूपाचा मागमूसही लागत नाही. पाटण्याची व बळसाण्याची नोंद परक्यांनी करून ठेवली. गावोगावच्या आपल्या मंदिरांची नोंद कोण करणार? जीर्णोद्धाराची पहिली वीट काढण्यापूर्वी प्रत्येक मंदिराची छायाचित्रे, मोजमापे व लेखांचे ठसे घेऊन ते विश्वस्तांच्या दप्तरी जतन व्हावेत. सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने एवढा संकल्प केला, तरी पूर्वजांचे ऋण काही अंशी फिटेल.