यंत्राकडून माणसाकडे

वैयक्तिक विदेच्या, म्हणजे जिच्यावरून एखादी व्यक्ती ओळखता येते अशा माहितीच्या, संरक्षणाचा जगातील पहिला कायदा जर्मनीतील हेस्से राज्याने १९७० मध्ये केला. तो राज्याच्या प्रशासनापुरताच होता, त्यामुळे परक्या देशातील संस्थेचा प्रश्न त्यात उद्भवतच नव्हता. स्वीडनने १९७३ मध्ये पहिला राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा मात्र नागरिकांची माहिती परदेशी पाठवण्यासाठी स्वतंत्र परवानगी आवश्यक ठरवण्यात आली. जकात नाक्यावर माल अडवावा तशी माहिती सीमेवर अडवता येईल, हे त्यामागील गृहीतक होते आणि माहिती चुंबकीय फितींवर साठवली जात होती त्या काळात ते अवास्तवही नव्हते.

महाजालाने हे गृहीतक मोडले, कारण आता माहिती कोणी पाठवत नव्हते, तर दूरदेशीचे संकेतस्थळ ती वाचकाकडून थेट घेत होते. युरोपीय संघाच्या १९९५ च्या निर्देशानुसार संघाबाहेरील संस्थेने सदस्य देशातील ‘उपकरणे’ वापरल्यास त्या देशाचा कायदा तिला लागू होई. हा शब्द मोठ्या संगणकांना उद्देशून योजलेला दिसतो. परंतु २००२ मध्ये सदस्य देशांच्या नियामकांच्या गटाने असे मत दिले की, परकीय संकेतस्थळ वाचकाच्या संगणकात कुकी, म्हणजे त्याची पुन्हा ओळख पटवणारी छोटी नोंद, ठेवते तेव्हा तो घरगुती संगणकच उपकरण ठरतो. शब्दाची ही ओढाताण होती हे मान्य करावे लागेल, तरी तिच्यामागील न्यायबुद्धी रास्त होती, कारण ज्याचे खासगीपण धोक्यात आले तो माणूस त्या संगणकासमोरच बसलेला होता.

पुढे, १९९८ च्या वृत्तपत्रातील कर्जवसुलीच्या लिलावाची सूचना शोधनिकालांत दिसत राहते, अशी एका स्पॅनिश नागरिकाची तक्रार युरोपीय न्यायालयापुढे आली. शोधाचे काम अमेरिकेत चालते आणि माद्रिदचे कार्यालय केवळ जाहिराती विकते, हा गूगलचा बचाव न्यायालयाने २०१४ मध्ये अमान्य केला, कारण शोधसेवेचा खर्च त्या जाहिरातींतूनच भागत होता.

२५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमावलीने उपकरणाचा आधारच सोडला. संघातील व्यक्तींना वस्तू वा सेवा, मग ती विनामूल्य का असेना, देऊ करणारी किंवा त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणारी संस्था कुठेही असली तरी बांधील ठरली. संकेतस्थळ युरोपात केवळ उघडते एवढ्यावरून हे बंधन येत नाही, स्थानिक भाषा किंवा चलन यांसारख्या खुणांवरून हेतू पाहिला जातो. ही मर्यादा नसती तर छोट्या संकेतस्थळांवर मोठा अन्याय झाला असता. तरीही लॉस एंजेलिस टाइम्ससारख्या अमेरिकी वृत्तपत्रांनी त्या दिवसापासून युरोपीय वाचकांना आपली पाने बंद केली.

भारताच्या २०२३ च्या अधिनियमाने भारतातील व्यक्तींना वस्तू वा सेवा देऊ करण्याशी संबंधित अशी परदेशातील विदाप्रक्रिया कक्षेत घेतली. मात्र आधीच्या मसुद्यांत असलेला, व्यक्तीच्या वर्तनाचे चित्र रेखाटण्याविषयीचा भाग त्यातून वगळला गेला. त्यामुळे भारतीयांना काहीही न विकता केवळ त्यांच्यावर नजर ठेवणारी परदेशी संस्था या कायद्याच्या बाहेर राहू शकते.