घाटातला नाका आणि परदेशी बटाटा

आमच्या आजीचे माहेर गोव्यात सावर्ड्याजवळ, सासर खानापूरला. दोन्हीकडे रेल्वे, मध्ये एक घाट. पण माहेराहून परतताना कुळ्याला पोर्तुगीजांची तपासणी आणि घाट चढून आल्यावर कॅसलरॉकला आपल्याकडची. गोणीतले नारळ मोजले जात, फणस उलटापालटा करून पाहिला जाई. "अंगणातून निघाला तेव्हा आपला होता, घाट चढला नि परदेशी झाला," असे आजी म्हणे. लहानपणी मला त्याची गंमत वाटे. पुढे गोव्याच्या इतिहासाचे वाचन सुरू झाले तेव्हा कळले की याच सीमेवर एकदा बारा वर्षे जकातीचा नाकाच नव्हता.

घाटाखाली माड, पोफळी, आंबा, मिठागरे, घाटावर धान्य. गोव्याचा तांदूळ गोव्याला कधी पुरला नाही. त्यामुळे लमाणांचे तांडे धान्य घेऊन उतरत आणि मीठ, नारळ, सुपारी घेऊन चढत. राज्ये बदलली तरी या वाटा बदलल्या नाहीत. बदलत गेली ती वाटेवरची जकात.

26 डिसेंबर 1878 रोजी लिस्बन येथे ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत व्यापाराचा तह झाला. तो 15 जानेवारी 1880 पासून अमलात आला. ब्रिटिशांना धारवाडकडच्या कापसासाठी जवळचे बंदर हवे होते. पोर्तुगीजांना मुरगाव बंदर, रेल्वे आणि पैसा. तहाने ब्रिटिश हिंदुस्थान व गोवा यांच्यामधील जकात उठली. सावर्ड्याचा नारळ बेळगावच्या बाजारात आणि बेळगावचे धान्य मडगावात, मध्ये कोणी हात पसरणारा नाही. आजच्या भाषेत याला मुक्त व्यापार म्हणतील.

पण तहाची किंमत दुसऱ्या कलमात होती. गोव्यातील मिठाचा कारभार ब्रिटिशांच्या ताब्यात गेला, अबकारीवर ब्रिटिश पद्धतीचे नियम आले आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला 4 लाख रुपये मिळू लागले. रुपये सरकारी तिजोरीत गेले. मिठागरवाल्याच्या आणि माडावर चढणाऱ्याच्या वाट्याला नवे नियम व नवे कर आले. एकाच माडाचा नारळ मोकळा सुटला आणि सुर कोंडली गेली! व्यापाराचे करार वाचताना मला नेहमी हा माड आठवतो. कोणता माल सुटला हे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते, त्याच्या बदल्यात काय बांधले गेले ते शोधावे लागते.

दैव असे, की ज्या रेल्वेसाठी हा खटाटोप, ती घाट चढून कॅसलरॉकला पोचली 1888 साली. तहाची मुदत 12 वर्षांची. नव्या अटींवर एकमत झाले नाही आणि जानेवारी 1892 मध्ये तो संपला. गाडी आली आणि चारच वर्षांत नाका परत आला. 1894 साली ब्रिटिश हिंदुस्थानात आयातीवर सर्वसाधारण 5 टक्के जकात पुन्हा बसली. पुढची साठ वर्षे आजीच्या गोणीची तपासणी झाली ती या मोडलेल्या तहापायी.

स्वातंत्र्यानंतर आहे ती वाटही बंद झाली. 1955 च्या ऑगस्टमधील सत्याग्रहावर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी आवळली. रेल्वे थांबली. गोव्याचा बाजार मात्र रिकामा राहिला नाही. पोर्तुगीजांनी बोटीने बटाटा आणला हॉलंडहून, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनहून. कराचीला विमानेही सुरू केली. आता गंमत पाहा. बटाटा हा शब्दच आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांच्यामुळे आलेला हा कंद बेळगाव-खानापूरच्या लाल मातीत रुजला, येथील शेतकऱ्याचे नगदी पीक झाला. आणि घाटाखालच्या ताटात हॉलंडचा बटाटा समुद्र ओलांडून येऊ लागला. आमच्या गल्लीतले एक व्यापारी घाटाखाली कांदे-बटाटे पाठवत. त्यांनी त्या वर्षी बैलजोडी विकल्याचे वडील सांगत. कोंडी चुकीची होती असे मी म्हणत नाही. गोवा सुटायलाच हवा होता. पण तिचा भार कोणी वाहिला हे लिहून ठेवायला हवे.

जागतिक व्यापाराच्या 'गॅट' करारात भारत 1948 पासून होता. पोर्तुगाल त्यात सामील झाला 1962 साली, म्हणजे गोवा हातून गेल्यावर. तोवर आमच्या घाटातला प्रश्नच संपला होता.

आज बेळगावची भाजी रोज पहाटे गोव्यात उतरते. गोवा सरकारचे फलोत्पादन महामंडळही बरीचशी भाजी इथूनच घेते. मार्च 2020 च्या टाळेबंदीत सीमा बंद झाल्या आणि पणजी-मडगावात भाजीसाठी हाल झाले, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांना 1955 आठवले.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. रेल्वे पुन्हा सुरू झाल्यावर आजी माहेरी गेली, तिच्याबरोबर मीही होतो. सहा वर्षांत तिची आई गेली होती, भाऊ पिकलेले दिसत होते. येताना भावाने गोणीभर नारळ दिले. कॅसलरॉकला गाडी थांबली तशी आजीने सवयीने गोणीचे तोंड सोडले आणि पदर सावरून बसली. डब्यात कोणी आले नाही. गाडी हलली, तरी तिने बराच वेळ ती सुतळी बांधली नाही.