उशांवरील भरतकाम आणि पोलादी खुर्ची

वास्तुशिल्पी इमारत उभारतो आणि तिच्याबरोबर त्याचे नाव चिरस्थायी होते. परंतु त्या इमारतीत माणसाने बसावे कोठे, पाठ टेकावी कशाला, भांडीकुंडी ठेवावीत कोठे, याचा विचार करणाऱ्याचे नाव सहसा कोणाच्या कानी पडत नाही. शार्लोत पेरियाँ या फ्रेंच महिलेची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

तिचा जन्म १९०३ साली पॅरिस येथे, शिवणकाम करणाऱ्या आईबापांच्या पोटी झाला. गृहसजावटीचे रीतसर शिक्षण घेऊन १९२७ साली ती ल कॉर्बुझिए या विख्यात वास्तुशिल्पीच्या कार्यालयात नोकरी मागावयास गेली. येथे आम्ही उशांवर भरतकाम करीत नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन त्याने तिची बोळवण केली. त्याच वर्षी पॅरिसच्या शरद-प्रदर्शनात तिने मांडलेले, चकाकत्या धातूंचे एक छोटेखानी पानगृह त्याच्या पाहण्यात आले आणि त्याने तिला बोलावून घेतले. स्वतःच्या निवासातील रचनेवरूनच तिने ते साकारले होते.

पुढील दहा वर्षे ती त्या कार्यालयात होती. एका जुन्या मठाच्या लांबट ओसरीत ते भरत असे. आसनांचे काम प्रामुख्याने तिच्याकडे आले. १९२८ साली वाकविलेल्या पोलादी नळ्यांची तीन आसने सिद्ध झाली. त्यांतील आरामखुर्ची तर जगप्रसिद्ध झाली. १९२९ च्या प्रदर्शनात ही आसने ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर झानरे आणि पेरियाँ अशा तिघांच्या नावे मांडली गेली. त्या आरामखुर्चीचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीवर स्वतः पेरियाँ पहुडली आहे. मात्र तिचा चेहरा छायाचित्रकाराकडे नसून पलीकडे वळलेला आहे! पुढे १९६५ पासून कॅसिना या इटालियन कंपनीने ही आसने बनविण्यास घेतली तेव्हा त्यांना जी खूण मिळाली, ती केवळ ल कॉर्बुझिएच्या नावातील आद्याक्षरांची. टिपणी खालच्याने लिहावी आणि सही वरच्याने करावी, हा प्रघात आम्हां सरकारी नोकरांच्या चांगलाच परिचयाचा आहे. पण फाइलीला कोणी पदार्थसंग्रहालयात ठेवीत नाही.

पेरियाँ मात्र याचे रडगाणे गात बसली नाही. १९४० साली जपान सरकारच्या निमंत्रणावरून ती त्या देशी गेली आणि पोलादाची तीच आरामखुर्ची तिने बांबूत घडविली. युद्धानंतर मायदेशी परतल्यावर मार्सेय येथील ल कॉर्बुझिएच्या प्रचंड निवाससंकुलासाठी तिने बैठकीच्या खोलीशी संलग्न असे खुले स्वयंपाकघर योजिले. रांधणाऱ्या गृहिणीस घरच्या मंडळींपासून तुटल्यासारखे वाटू नये, हा त्यामागील हेतू. आपल्या माजघरांत चुलीपाशी दिवस कंठलेल्या पिढ्यांना याचे मोल निराळे सांगावयास नको. १९९९ साली तिचे निधन झाले.

या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. तिचा सहकारी पिएर झानरे १९५१ साली चंडीगढच्या उभारणीसाठी आला आणि १९६५ पर्यंत येथेच राहिला. सागवान व वेत यांच्या साध्या, भक्कम खुर्च्या तेथील सरकारी कचेऱ्यांसाठी तयार झाल्या. कालांतराने त्या भंगारात निघाल्या आणि परदेशांतील लिलावांत भरमसाट किमतींस विकल्या गेल्या. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयास त्यांच्या विक्रीस व निर्यातीस प्रतिबंध करणारा आदेश काढावा लागला. लिलावांच्या सूचीत नाव झळकते ते झानरेचे. त्या कामात त्याच्यासमवेत असलेल्या युली चौधरी या भारतीय महिला वास्तुशिल्पीचे नाव तेथे क्वचितच आढळते.