ढेकूण : इतिवृत्तात न आलेला इतिहास

स्मरणिकेसाठी सोसायटीच्या जुन्या दिवसांवर लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, म्हणून इतिवृत्ताच्या वह्या काढून चाळल्या. पाण्याची टाकी, गच्चीची गळती, पार्किंगचे वाद, सगळं तारीखवार सापडलं. बारा वर्षांपूर्वीच्या एका पानावर मात्र एवढीच ओळ दिसली : ‘बी विंगमध्ये कीटकनाशक फवारणी करण्यात आली.’ अक्षर माझंच, कारण तेव्हा मी सचिव होतो. कीटक कोणता, हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. ते ढेकूण होते आणि पहिल्यांदा सापडले ते माझ्या घरात.

ढेकणांचा इतिहास आपल्या सोसायटीपेक्षा फार जुना. इजिप्तमध्ये अमार्ना इथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कामगार वस्तीत त्यांचे अवशेष सापडले आहेत. आपल्याकडे संस्कृतात त्याला मत्कुण म्हणतात. पंचतंत्रातली गोष्ट अनेकांना आठवत असेल. राजाच्या बिछान्यात एक ऊ सुखाने राहत असते. तिथे ढेकूण पाहुणा येतो आणि राजा झोपण्याआधीच त्याला चावतो. नोकर शोधाशोध करतात तेव्हा ढेकूण फटीत पळतो आणि मारली जाते बिचारी ऊ. म्हणजे ढेकूण राजाच्या घरीही होते आणि शिक्षा तेव्हाही भलत्यालाच झाली.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. रविवारी सकाळी खाटा गॅलरीत निघायच्या. लोखंडी पलंगाच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, लाकडाच्या फटींत रॉकेल सोडायचं, गाद्या गच्चीवर उन्हात टाकायच्या. पुढे टिक-ट्वेंटीची बाटली आली. एकाच खोलीत औषध मारलं तर ढेकूण भिंतीतून शेजारी जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून अख्खा मजला एकाच दिवशी कामाला लागायचा. ‘तुमच्याकडूनच आले’ अशी भांडणंही व्हायची, पण दुपारी सगळ्यांच्या गाद्या त्याच गच्चीवर वाळत असायच्या. लपवायला जागाच नव्हती, त्यामुळे लाजही नव्हती.

मग डीडीटी आलं. त्याचा कीटकनाशक गुण १९३९ साली पॉल म्यूलर यांनी शोधला, त्यासाठी त्यांना १९४८ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी भिंतींवर डीडीटीची फवारणी होऊ लागली. औषधांनी ढेकूण कमी झाले, पण काही वर्षांत त्यांना औषध पचूही लागलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तर अमेरिका-युरोपातल्या चांगल्या चांगल्या हॉटेलांतही ते परतले. मधल्या काळात आपण चाळीतून ब्लॉकमध्ये आलो आणि दारं बंद झाली. ढेकूण म्हणजे गरिबी, ढेकूण म्हणजे घाण, हे तेव्हाच आपल्या डोक्यात पक्कं बसलं.

माझ्याही बसलं होतं. काशीयात्रेहून परतल्यावर महिन्याभरात सौ.च्या दंडावर रांगेत गांधी उठल्या. गादीची शिवण उलटून पाहिली आणि आम्ही दोघंही गप्प झालो. पेस्ट कंट्रोलवाल्याला भर दुपारी बोलावलं आणि बजावलं, ‘कोणी विचारलं तर वाळवीसाठी आलो म्हणून सांग.’ वाळवीची कुणाला लाज वाटत नाही!

दोन महिन्यांत खालच्या मजल्यावर ढेकूण निघाले. तिथे नव्याने कामाला लागलेल्या बाईंवर आळ आला आणि तीन घरांनी त्यांना काढलं. त्या आमच्याकडेही भांडी घासायच्या. मला सगळं माहीत होतं, तरी मी बोललो नाही.

पुढच्या सभेत ऐनवेळच्या विषयांत, भाडेकरू आणि कामवाल्या यांच्यावर बंधनं घाला, अशी सूचना आली. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी उठून म्हणाल्या, ‘आमच्याकडेही आहेत हो ढेकूण. भाडेकरू नाही, कामवाली नाही. मग आणले कोणी?’ सभा चिडीचूप. मग एकेक हात वर झाला. पाचवा माझा होता. विंगमधली सोळाही घरं एकाच दिवशी फवारली. औषधाला अंडी दाद देत नाहीत, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा फवारणी केली आणि ढेकूण गेले.

आम्ही दोघं त्या बाईंच्या घरी जाऊन माफी मागून आलो. दोन घरांनी त्यांना परत बोलावलं. आमच्याकडे मात्र त्या आल्या नाहीत. ‘काका, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?’ एवढंच त्यांनी विचारलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ढेकूण स्वच्छता बघून येत नाही. त्याला माणसाचं रक्त लागतं, ते लखपतीचंही चालतं. तो बॅगेतून, जुन्या फर्निचरमधून, प्रवासातून येतो. त्याच्यामुळे रोग पसरतो असंही सिद्ध झालेलं नाही. प्रवासाहून आलात की बॅगा पलंगावर ठेवू नका, गादीच्या शिवणी बघा, आणि सापडलेच तर त्याच दिवशी शेजाऱ्यांना आणि ऑफिसात सांगा.

बँकेत चुकलेली नोंद खोडायची नाही, दुरुस्तीची नवी नोंद घालायची, हा नियम मी चौतीस वर्षं पाळला. इतिवृत्तातल्या त्या ओळीची दुरुस्ती म्हणून हा लेख वाचावा. सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.