कर्जत-खालापूर: घाटाखालचे दोन तालुके आणि घर शोधणारी मुंबई

मुंब्रा, कुर्ला, गोवंडीसारख्या भागांतून आपली बरीच कुटुंबं आता बदलापूरच्याही पुढे घर बघायला लागली आहेत. वांगणी संपली की शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि कर्जत ही स्टेशनं येतात. कर्जतवरून फाटा फुटून गाडी पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीला जाते. हा सगळा पट्टा रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मोडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातला कर्जत तालुका वेगळा, हे लक्षात ठेवावं.

जागा आणि वस्ती

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. समुद्र लांब, पाऊस मात्र भरपूर. कर्जत शहर उल्हास नदीकाठी आहे. राजमाचीच्या दरीत उगम पावणारी ही नदी पुढे बदलापूर, उल्हासनगर, कल्याणकडे जाते. खालापूर तालुक्याची मुख्य नदी पाताळगंगा. तालुक्याचं ठिकाण खालापूर असलं तरी मोठं शहर खोपोली आहे. २०११ च्या जनगणनेत खोपोलीची लोकसंख्या ७१ हजारांच्या वर होती, तर कर्जत शहराची ३० हजारांच्या आत. कर्जत, खोपोली आणि माथेरान या तिन्ही नगरपरिषदा मुंबई महानगर प्रदेशात धरल्या जातात.

कुणबी, आगरी, मराठा, ठाकर आणि कातकरी समाजाबरोबर इथे जुनी मुस्लिम वस्तीही आहे. नेरळ, त्याच्या जवळचं दामत, खोपोलीजवळचं हाळ ही नावं आपल्या वाचकांना नवी नाहीत. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचं महडही याच तालुक्यात आहे.

रेल्वेने घडवलेलं गाव

रेल्वे खोपोलीला १८५६ साली पोहोचली. दोन वर्षांनी खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला, पण मधला बोरघाट बाकी होता. त्या काळात प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने किंवा पायी घाट चढत आणि वर पुन्हा गाडी पकडत. घाटाचे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी काम पुढे नेलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला. हे काम करताना असंख्य मजूर रोगराईने आणि अपघातांत मेले. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

घाटाचा चढ इतका तीव्र आहे (३७ फुटांना एक फूट) की पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडावी लागत आली आहेत. त्यासाठी गाड्या इथे थांबत, आणि त्या थांब्यावरच कर्जतचा बटाटावडा प्रसिद्ध झाला.

पीरभॉय घराण्याची गाडी

नेरळ-माथेरानची छोटी गाडी सर्वांना माहीत असते, ती कोणी बांधली हे फार थोड्यांना. मुंबईचे शेरीफ राहिलेले दाऊदी बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम पूर्ण करून घेतलं. सुमारे १६ लाख रुपये खर्चून दोन फूट रुंदीचा हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. २००५ च्या अतिवृष्टीत तो वाहून गेला आणि २००७ मध्ये पुन्हा चालू झाला. आपल्या मुलांना हे नाव सांगायला हवं.

मुंबईला दिलेलं पाणी आणि वीज

घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे पाणी अडवून ते मोठ्या नळांतून खोपोलीला खाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची, ही टाटांची योजना १९१५ मध्ये सुरू झाली. तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर आलं. वीज झाल्यावर सोडलेलं पाणी खोपोलीत पाताळगंगेला आणि भिवपुरीत उल्हासच्या खोऱ्यात मिळतं. त्यामुळे उन्हाळ्यातही नद्या वाहतात आणि राजनाला कालव्यावर कर्जत तालुक्यात दुबार भात होतो. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेली ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ ही भाताची वाणं कोकणातल्या शेतकऱ्यांना चांगली ठाऊक आहेत.

खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं. त्याच परिसरात इर्शाळगडाखाली इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर डोंगर कोसळला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे बचावाची माणसं डोंगर चढून गेली. धरणापासून महानगरापर्यंत जलवाहिनी पोहोचली होती, पण त्या वाडीला रस्ता मिळाला नव्हता. या भागाबद्दल बोलताना ही गोष्ट विसरता येत नाही.

रोजगार आणि प्रवास

खोपोलीत पोलाद आणि पाइपचे कारखाने आले, रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात रसायन आणि धाग्याचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरचा टोलनाका आहे. आता फार्महाऊस आणि पर्यटन हाही मोठा धंदा झाला आहे. तरी हजारो माणसं रोज मुंबई-ठाण्याला कामाला जातात. कर्जत ते सीएसएमटी जलद लोकललाही साधारण दोन तास लागतात, खोपोलीहून त्याहून जास्त. खोपोलीच्या गाड्या मोजक्या असल्यामुळे एक चुकली की खोळंबा होतो. पनवेल-कर्जत हा सुमारे २९.६ किलोमीटरचा उपनगरी मार्ग मंजूर झालेला आहे. त्याने नवी मुंबई जवळ येईल. पण घर आजच्या वेळापत्रकावर घ्यावं, उद्याच्या जाहिरातीवर नाही.

घर किंवा प्लॉट घेण्याआधी

- सातबारा आणि फेरफार स्वतः बघा. आदिवासी खातेदाराची जमीन शासनाच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. ‘नंतर नावावर करून देतो’ या शब्दावर पैसे देऊ नका.
- शेतजमीन साधारणपणे शेतकरी असलेल्यालाच विकत घेता येते. प्लॉट बिनशेती आहे का, याचा आदेश कागदावर मागा.
- माथेरान पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २००३ मध्ये जाहीर झालं. माथेरान डोंगराभोवतीची बरीच गावं त्यात येतात आणि तिथे बांधकामावर निर्बंध आहेत. गट क्रमांक घेऊन चौकशी करा.
- महारेरा नोंदणी तपासा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही.
- जागा पावसाळ्यात बघा. जुलै २०१९ मध्ये याच उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. नदीची पूररेषा आणि मागचा डोंगर, दोन्ही विचारात घ्या.
- पाणी कोणाचं? नगरपरिषदेचं, ग्रामपंचायतीचं, बोअरचं की टँकरचं, हे आधीपासून राहणाऱ्यांना विचारा. एप्रिल-मे महिन्यात काय होतं, हेही विचारा.
- मशीद, मदरसा, शाळा, दवाखाना आणि कब्रस्तान किती लांब आहे? कब्रस्तानात बाहेरून आलेल्या कुटुंबाला जागा मिळते का, हे स्थानिक जमातीच्या जबाबदार मंडळींना बुकिंगआधीच विचारावं. मय्यत झाल्यावर विचारायची वेळ येऊ नये.

दीडशे वर्षांहून अधिक काळ या दोन तालुक्यांनी मुंबईला वाट, वीज, पाणी आणि भात दिला. आता ते राहायला जागा देत आहेत. तिथे जाणाऱ्याने स्वस्त दराबरोबर तिथली नदी, डोंगर, कायदा आणि आधीपासून राहणारा शेजारीही समजून घ्यावा. कर्ज फेडायला वीस वर्षं लागतात; कागद तपासायला फार तर वीस दिवस.