बैलजोडी आणि ग्राफिक्स कार्ड

मंडळी, पहिला गेमिंग पीसी असेंबल करायचा म्हटलं की प्रश्न ठरलेला असतो: "बजेट मध्यम आहे, प्रोसेसर भारी घेऊ की ग्राफिक्स कार्ड?" मित्रांकडून मला हा प्रश्न वर्षातून दोन-चार वेळा तरी येतोच. पैसे नव्या नोकरीच्या पगारातून साठवलेले असतात. निवड फसली तर पुढची तीन-चार वर्षं तेच खोकं समोर ठेवून चरफडायचं. तरीही तयार उत्तर द्यायला मी कचरतो, कारण गेमिंग पीसीचा इतिहास बघितला तर हे उत्तर दर काही वर्षांनी बदललेलं दिसतं.

तत्त्व मात्र जुनंच आहे. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला नियम इंजिनिअरिंगला आपण परीक्षेपुरता घोकलेला असतो. कामाचा एक भाग कितीही वेगवान करा, उरलेला भाग जेवढा वेळ खातो त्याच्याखाली एकूण वेळ जात नाही. शेतकऱ्याला यासाठी सूत्र लागत नाही. जोडीतला एक बैल कितीही तगडा असो, गाडी दुसऱ्याच्या चालीनं चालते.

आता हा दुसरा बैल कोण, ते बघू.

डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला. तेव्हा थ्रीडी ग्राफिक्स कार्ड घरोघरी नव्हतंच, सगळं चित्र प्रोसेसरच काढायचा. चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, ठिपक्याला एक बाइट, म्हणजे ६४,००० बाइट. गेमची कमाल गती सेकंदाला ३५ चित्रं. म्हणजे दर सेकंदाला साधारण सव्वादोन एमबी माल पडद्याकडे न्यायचा. १६ बिटांच्या, ८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या जुन्या आयसा बसवर, त्यातून कार्ड मंद असेल तर, हे ओझं जड व्हायचं. तोच ४८६ प्रोसेसर ३२ बिटांच्या व्हेसा लोकल बसवर मोकळा पळायचा. तेव्हाचा मंद बैल बरेचदा प्रोसेसरही नव्हता, मधला रस्ता होता!

१९९६ साली 'क्वेक'नं गणित फिरवलं. त्यात दशांशाचे हिशेब भरपूर, आणि ते पेंटियमला छान जमायचे. सायरिक्सचा ६x८६ प्रोसेसर ऑफिसच्या कामात पेंटियमच्या तोडीस तोड होता, पण क्वेकमध्ये मागे पडायचा. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचं व्हूडू कार्ड आलं. ते फक्त थ्रीडीचं काम करायचं, साध्या चित्रासाठी वेगळं कार्ड लागायचंच. पण ठिपके रंगवण्याचं ओझं प्रोसेसरच्या मानेवरून उतरलं.

मध्यम बजेटवाल्यांचा लाडका किस्सा १९९८ चा. इंटेलच्या पहिल्या सेलेरॉनला एल-टू कॅश नव्हती, त्यामुळे तो रखडायचा. ऑगस्टमध्ये आलेल्या सेलेरॉन ३००ए मध्ये १२८ केबी कॅश थेट चिपवर, पूर्ण वेगानं चालणारी. पेंटियम टूची कॅश ५१२ केबी, पण अर्ध्या वेगाची. मग हौशी मंडळींनी ३००ए ची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली. साडेचारचा गुणक तोच, म्हणजे सरळ ४५० मेगाहर्ट्झ! काही पट महाग पेंटियम टूच्या बरोबरीला हा स्वस्त गडी गेममध्ये जाऊन बसला. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डाला.

पुढच्याच वर्षी एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं. एकच चिप, पण एका कार्डावर साधी एसडीआर मेमरी आणि दुसऱ्यावर डीडीआर. मेमरीचा वेग सेकंदाला साधारण पावणेतीन जीबी विरुद्ध पावणेपाच जीबी. मोठ्या रिझोल्यूशनला दोघांत चांगलाच फरक पडायचा. खोक्यावरचं नाव मात्र सारखंच.

हे जुनंपुराणं वाटत असेल तर २०२३ बघा. आरटीएक्स ४०६० टीआय मे महिन्यात ८ जीबी मेमरीसह आणि जुलैत १६ जीबीसह आलं. चिप तीच. बहुतेक गेममध्ये दोघे जवळपास सारखे, पण भारी टेक्स्चर लावले आणि ८ जीबी भरले की छोटं कार्ड अडखळतं. चोवीस वर्षांनी तोच धडा.

म्हणून मला वाटतं, संतुलन पार्टच्या यादीत शोधू नये, ते कामावरून ठरतं. आधी मॉनिटर आणि गेम ठरवा. १०८०पी वर काउंटर-स्ट्राइकसारखा गेम सेकंदाला दोनशे चित्रांनी खेळायचा असेल, तर प्रोसेसर आधी दमतो. १४४०पी वर नटूनथटून आलेला सिंगल प्लेअर गेम असेल तर ग्राफिक्स कार्ड. मगच पैसे वाटा. रॅमच्या एका काडीऐवजी सारख्या दोन घ्या, कारण एकच काडी लावली की मेमरीचा रस्ता निम्मा होतो. आणि एसएमपीएसमध्ये कंजूषी नको. तो वेग वाढवत नाही, पण सगळ्यांना जेवू घालणारा तोच.

दुकानदार पहिल्यांदा तगडा बैल दाखवणार, त्याचा तो धंदाच आहे. आपण विचारायचं, "बरोबर जुंपणार कोणाला?"

असो. तूर्तास इतकंच.