झाडाखालची शिदोरी

जर्मनीत हिंडणारा प्रवासी बव्हेरियातल्या म्यूनिक शहरी पोहोचला, की उन्हाळ्याच्या संध्याकाळी एक दृश्य त्याच्या नजरेस हटकून पडते. चेस्टनटची दाट झाडे, खाली बारीक खडी, आणि खडीवर लाकडी बाके. कुटुंबेच्या कुटुंबे येतात, टेबलावर फडके पसरतात आणि घरून आणलेली टोपली उघडतात. राय या धान्याचा काळसर पाव, लोणी-कांदा घालून मळलेले चीज, मीठ लावलेल्या पांढऱ्या मुळ्याच्या चकत्या, थंड सॉसेज. विकत घेतात ती फक्त बिअर. आता आपल्याकडे खाणावळीत जाऊन कोणी स्वतःची शिदोरी सोडली, तर मालक काय म्हणेल? मग इथला मालक गप्प कसा? मद्याची शिफारस करण्याचा माझा हेतू नाही, बरं का. पण या प्रश्नाचे उत्तर शोधताना राजा, प्रजा आणि धान्य यांचा मोठा मनोरंजक इतिहास हाती लागतो.

त्या काळी युरोपात बिअर ही चैन नव्हती, ते रोजचे पेय होते. सातूला मोड आणायचे, ते भट्टीवर सुकवायचे, भरडून पाण्यात शिजवायचे, हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले घालायची आणि मग ते आंबवायचे, अशी तिची कृती. जे सर्वांना रोज लागते त्यात भेसळ होते आणि त्याचा भावही चढतो. हा अनुभव कोणत्याही देशात नवा नाही. म्हणून २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग या भावांनी हुकूम काढला, की बिअरमध्ये सातू, हॉप आणि पाणी यांखेरीज काहीही घालू नये. गहू वगळला गेला, त्याने पावासाठी गव्हाची राखण झाली. हुकमाचा मोठा भाग मात्र भावाचा होता. हिवाळ्यात एका मापाला, म्हणजे सुमारे लिटरभराला, एक फेनिग. उन्हाळ्यात फार तर दोन. कायदा मोडला तर पिंप जप्त! हाच शुद्धतेचा नियम १९०६ साली साऱ्या जर्मन साम्राज्याला लागू झाला. नियमाबाहेरची परदेशी बिअर 'बिअर' म्हणून विकू न देण्याची बंदी मात्र १९८७ साली युरोपीय न्यायालयाने रद्द ठरवली.

आता झाडांकडे वळू. उन्हाळ्यात उष्म्याने बिअर नासे, शिवाय भट्ट्यांमुळे आगीचे भय. म्हणून १५५३ साली बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर गाळण्यास मनाई झाली. मग मार्चमध्ये ती जास्त करून ठेवायची आणि थंड तळघरांत साठवायची, अशी रीत पडली. इझार नदीच्या काठावर खोल तळघरे खणली गेली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून त्यांत भरीत. वरची जमीन तापू नये म्हणून खडी पसरली आणि रुंद पानांची चेस्टनटची झाडे लावली. म्हणजे ती सावली मुळात माणसांसाठी नव्हती, पिंपांसाठी होती!

पण सावली दिसली की माणूस टेकणारच. लोक तळघरांशीच जाऊन बसू लागले. शहरातले खाणावळवाले तक्रार घेऊन उभे राहिले: आमचे गिऱ्हाईक पळाले, आम्ही खावे काय? ४ जानेवारी १८१२ रोजी राजा पहिला माक्सिमिलियन योझेफ याने तोड काढली. बिअरवाल्यांनी उन्हाळ्याच्या महिन्यांत तळघराशी आपली बिअर आणि पाव विकावा. दुसरे अन्न विकू नये. झाले! बिअरवाल्याचा धंदा राहिला, खाणावळवाल्याचे पोट राहिले आणि लोक घरून शिदोरी आणू लागले.

हा हक्क लोकांनी जिवापाड जपला. १८४४ च्या मे महिन्यात बिअरचा भाव वाढला तेव्हा म्यूनिकमध्ये दंगल उसळली, आणि पुढे राजाला भाव उतरवावा लागला. १९९५ साली एक बाग रात्री लवकर बंद करण्याचा निकाल लागला, तेव्हाही हजारो लोक रस्त्यावर आले. १९९९ च्या सरकारी नियमांनी तर घरचे अन्न आणण्याची मुभा ही अशा बागेची ओळखच मानली.

शिदोरीतल्या जिन्नसांनाही असाच इतिहास आहे. बारीक चिरलेला कोबी मीठ लावून दाबून आंबवायचा, म्हणजे हिवाळाभर टिकतो. आपल्या लोणच्याच्या बरणीमागे जी काटकसर, तीच तिथे. बटाट्याला मात्र राजाज्ञेचा रेटा लागला. दुष्काळावर उपाय म्हणून प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७५६ साली बटाटा लावण्याचा हुकूम काढला. पोट्सडाम येथील त्याच्या समाधीवर लोक आजही फुलांबरोबर बटाटे ठेवतात. हे पीक अमेरिका खंडातले. आपल्या किनाऱ्यावर ते पोर्तुगीजांबरोबर आले, आणि 'बटाटा' हा आपला शब्दही त्यांच्याच भाषेतला.

आणखी एक दुवा सांगतो. बर्फाच्या तळघरांची कटकट संपावी म्हणून म्यूनिकच्या बिअरवाल्यांनी कार्ल फॉन लिंडे या प्राध्यापकाच्या शीतयंत्राला हात दिला. १८७० नंतरच्या दशकात त्याचे यंत्र म्यूनिकच्या कारखान्यात चालू झाले. वायू दाबून द्रवरूप करायचा आणि पुन्हा पसरू देऊन थंडावा मिळवायचा, हे त्याचे तत्त्व. त्याच तत्त्वावर आज आपल्या दूधसंघाचे शीतगृह चालते.

शिक्षक मित्रांनी वर्गात एवढे जरूर करून पाहावे. मुलांना डब्यातला एकेक जिन्नस दाखवून विचारावे: हा कुठून आला, कोणी आणला, आणि यासाठी कोण कोणाशी भांडले? मुले इतिहासाच्या पुस्तकाकडे आपण होऊन वळतील.